आईच्या दाराची दुसरी फळी

माझ्या धाकट्या भावानं मला फसवलं. दाराच्या फळीत फसवलं. भर दुपारी, बेळगुंदीतल्या आमच्या घराच्या अंगणात. फसवताना तो एक अक्षर खोटं बोलला नाही आणि तेवढ्या जोरावर तो आजतागायत नातेवाइकांत साळसूद म्हणून मिरवतो. मी कशी फसले हे लग्नामुंजीत कुणालाही सांगतो आणि सांगताना मिशीत हसतो. म्हणून आता मीच सांगते.

बेळगावात मी वाकळा शिवून पोट भरत होते. नवऱ्याच्या माघारी दोन सुया आणि एक कात्री एवढ्यावर सुरुवात केली होती. जुनी लुगडी, धोतरं, लष्करी कॅम्पातल्या शिंप्यांकडची खाकी कात्रणं, मिळेल ते आणायचं, थरावर थर घालायचे आणि धावदोऱ्यानं कडेकडून मध्यापर्यंत शिवत जायचं. निपाणीच्या बाजारात जुनं कापड विकणाऱ्या बोहारणी मला लांबून ओळखायच्या. मी दिसले की त्या चांगला गठ्ठा मागं सरकवून त्यावर बसायच्या. मी त्यांना बोलण्यात गुंतवून उठवायची आणि तोच गठ्ठा माझ्या भावानं, म्हणजे मी ठरवलेल्या किमतीला, घेऊन यायची. शिव्या खाल्ल्या, पण फसले नाही. बाहेरच्या माणसाकडून मी जन्मात कधी फसले नाही.

लढाईची वर्षं होती. नवं कापड कंट्रोलमध्ये गेलं आणि वाकळांना एकदम भाव आला. नेमके तेव्हाच माझे गुडघे गेले. वाकळ शिवायला बसता येतं, पण कापायला ओणवं व्हावं लागतं. साडेतीन हात कापड जमिनीवर पसरायचं आणि त्याच्याभोवती गुडघ्यांवर फिरायचं. थंडी सुरू झाली आणि मला एकदा खाली गेलं की वर येता येईना. मी ठरवलं, उभ्यानं कापायचं. टेबल करायचं.

आळीतल्या बायकांना हे कळल्यावर हसण्यापायी त्यांचं दोन दिवस काम झालं नाही.

"वाकळ उभ्यानं कापणार? मग लोकांनी झोपायचंबी उभ्यानंच काय?"

मी सुतार बोलावला. तो कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यांवर कामं केलेला मिस्त्री होता, त्यामुळं टेबल म्हणजे काय हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, असं त्याचं मत होतं.

"टेबल खुर्चीच्या हिशोबानं करत्यात, बाई. खुर्ची कुठाय?"

"मला बसायचं न्हाय."

"साहेब लोक बसत्यात."

"साहेब लोक वाकळा कापत्यात व्हय?"

त्यानं पेन्सिल कानावर ठेवली, भिंतीकडं बघत माझ्या कंबरेपर्यंत काठी धरली आणि काठीवर खूण केली. लाकूड मिळत नव्हतं, तेव्हा खाली टेकूला दोन घोड्या त्यानं करायच्या आणि वरची फळी मी आणायची, असं ठरलं.

वरची फळी कुठली, हे मी आधीच ठरवलं होतं.

आमच्या माहेरच्या घराला पुढचं दार दोन फळ्यांचं होतं. जुन्या पद्धतीचं, वरखाली खुंट्यांवर फिरणारं. उचललं की फळी निघायची. गावातल्या सगळ्या बायका वाकळ जमिनीवर कापत. माझी आई दाराची फळी काढायची, अंगणात दोन पाटांवर आडवी टाकायची आणि त्यावर कापायची. आमच्या घराचं दार अर्धं दिसलं की जाणारायेणाऱ्याला कळायचं, आज इथं वाकळ निघाली. फळीच्या कडेला आईनं विळ्यानं दोन खाचा पाडल्या होत्या. एक लांबीची, एक रुंदीची. टोकापासून खाचेपर्यंत कापड ताणायचं आणि कात्री मारायची. हात नको, वीत नको. माझं लग्न बाराव्या वर्षी झालं, पण आई फळीवर वाकलीय आणि तिचा अंगठा खाचेत रुतलाय, एवढं माझ्या डोळ्यांसमोर कायम होतं. टेबल कशाचंही झालं असतं. मला आईचं माप पाहिजे होतं.

त्या वर्षी भावानं घराला नवं दार बसवलं. मी निरोप धाडला की जुनी फळी कुणाला देऊ नको. तो म्हणाला, एक तुला, एक मला. पण तीन दिवाळ्या भाऊबीजेचं लुगडं मागायचं नाही. मी सौदा दोन दिवाळ्यांवर आणला. भावाच्या ओवाळणीत घासाघीस करणारी बेळगाव तालुक्यात मी एकटीच असेन, असं भावजय आतून म्हणाली. मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात.

दोन्ही फळ्या अंगणात भिंतीला टेकून उभ्या होत्या. भावानं उजवीकडची पुढं ओढली.

"आक्का, ही ने."

मी बघितली. उन्हानं पांढरी पडलेली, खालच्या बाजूला किड्यानं खाल्लेली, मध्ये बोटभर चीर. दुसरी काळीभोर, गुळगुळीत, तेल प्यालेली. तिच्याही कडेला दोन खाचा होत्या, त्या मी हात लावून बघितल्या.

"का रं? सडकं लाकूड माझ्या गळ्यात घालतोस?"

"सडकं न्हाय गं. रंग गेलाय निस्ता."

"मग तूच ठेव की. मला ती दे."

"ती?"

"व्हय, ती. चांगली तुला आन् किडकी बहिणीला. भाजीवाल्याकडं शिकलास काय हे?"

"आक्का, मी म्हनतो ही ने."

"तू म्हनतोस म्हनूनच न्हेत न्हाय."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

"बघ बाई. मागनं मला काय म्हनू नको."

"काय म्हनू नको?"

"काय न्हाय."

मी स्वतः हात लावून काळी फळी गाडीत चढवली. बैल निघाले तेव्हा मी मागं वळून बघितलं. तो हसत होता. मला वाटलं, हरलेलं तोंड लपवतोय.

घरी सोप्यात, पूर्वेच्या खिडकीखाली घोड्या मांडल्या. मिस्त्रीनं फळीची कडी काढली, भोकं लाखेनं आणि भुशानं भरली, एका पायाखाली पाचर घातली. मी त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. पाणी हललं नाही. मग मी पहिलं लुगडं पसरलं, टोकापासून खाचेपर्यंत ताणलं आणि उभ्यानं कात्री चालवली. पाठ सरळ, गुडघे गप्प. ज्या बायका हसल्या होत्या त्या एकेक करून बघायला आल्या आणि प्रत्येकीनं टेबलावर कोपर टेकून बघितलं. त्यातल्या एकीनं विचारलं, ह्याच्यावर भाकरी थापता येईल का. मी तिला बाहेर काढलं.

टेबलाचा गुणही लगेच दिसला. आधी जेवढ्या जुनेरात चार वाकळा व्हायच्या, तेवढ्यात आता पाचवीचा अर्धा भागही निघायला लागला. मी म्हटलं, आईच्या हाताची बरकत आहे. आळीभर सांगितलं. जुनेर विकायला आलेल्या बोहारणीलासुद्धा ऐकवलं.

माघात वकिलीणबाई आल्या. त्यांच्याकडं दोन वाकळा गेल्या होत्या. त्यांनी घडी टेबलावर ठेवली आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "तुमची वाकळ ऊबदार आहे हो. पण आमच्या यांनी तोंडावर ओढली की पाय उघडे, पायांवर ओढली की वकिली उघडी."

"साहेब उंच हाईत."

"उंच आहेत. पण मीही उघडीच पडते आणि मी तुमच्याएवढीच आहे."

मी वाकळ पसरली. टोकापासून खाचेपर्यंत. बरोबर होती. मग पुष्कळ दिवसांनी मी हातानं मोजली. एक वीत कमी. दुसरी मोजली. एक वीत कमी. आणि मग मला त्या पाचव्या वाकळेच्या अर्ध्या भागाची बरकत कुठून येत होती ते कळलं. दोन महिने मी अख्ख्या बेळगावाचे पाय उघडे टाकत होते आणि वर फुशारकी मारत होते.

वकिलीणबाईंना मी पायथ्याशी पट्टी जोडून द्यायचं कबूल केलं आणि बाजारातून परत निघालेल्या गाडीतून तडक बेळगुंदी गाठली. भाऊ अंगणात रताळी निवडत बसला होता. कशावर? त्या पांढऱ्या फळीवर. मी रताळी दोन्ही हातांनी खाली लोटली, कडेची खाच शोधली आणि टोकापासून वीत टाकत गेले. माझ्या टेबलावरच्यापेक्षा एक वीत जास्त.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"आन् बोलला न्हाईस?"

"बोललो की. ही ने म्हनलो. दोनदा म्हनलो. तू म्हनलीस, भाजीवाल्याकडं शिकलास काय." त्यानं एक रताळं उचलून पुसलं. "तवा म्हनलं, जाऊ दे. आक्का शहाणी हाय."

भावजय दारात येऊन उभी राहिली. तिला एवढ्या वर्षांत इतकी चांगली करमणूक मिळाली नसेल.

मग त्यानं सांगितलं. माझ्या लग्नानंतर आईनं लोकांच्या वाकळा शिवायला घेतल्या आणि त्यासाठी दुसऱ्या फळीवर नव्या खाचा पाडल्या. लोकांचं माप या पांढऱ्या फळीवर, एक वीत जास्त. घरच्यांचं जुनंच, काळ्या फळीवर.

"बाहेरच्याला कमी पडाय नको, म्हनायची. घरच्यांनी पाय पोटात घ्यावं. चाळीस वर्सं पाय पोटात घेऊन झोपलोय मी. बघ की, सरळ हुईत न्हाईत आता." त्यानं पाय लांब करून दाखवला. "आन् तुला पाहिजे हुती तीच घरची फळी. हट्टानं न्हेलीस."

"माझ्या लग्नात दिलेली वाकळ? ती कुठल्या फळीवरची?"

"ते मला काय ठावं? घरला जाऊन बघ."

माझ्या लग्नात आईनं दिलेली वाकळ मी अजून अंगावर घेत होते. ती किती लांब आहे, हे कधी मोजावंसं वाटलं नव्हतं, कारण तिच्यात माझे पाय कधी उघडे पडले नाहीत. घरी येऊन मी ती टेबलावर टाकली. काळ्या फळीच्या खाचेपलीकडं ती एक वीत लोंबत होती. म्हणजे लोकांच्या वाकळा सुरू व्हायच्या आधीच, खाच नसताना, आईनं मला एक वीत जास्त दिली होती. ते माप पुढं तिनं बाहेरच्यांसाठी ठेवलं.

मला राग आला. बाराव्या वर्षी मी बाहेरची झाले होते तर!

तेवढ्यात वाकळेचा कोपरा हाताला लागला. आमच्याकडं वाकळ पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून शिवतात, वाकळेचं पोट रिकामं राहू नये म्हणून. आई हे फक्त घरच्या वाकळांना करायची. लोकांच्या वाकळा उंदरानं कुरतडल्या तर बोलणी कोण खाणार? घरच्या प्रत्येक वाकळेचा एक कोपरा त्यामुळं कुरतडलेला आणि ठिगळ लावलेला असायचा. माझ्या वाकळेच्या कोपऱ्यालाही ठिगळ आहे. सासरी गेल्यावर पहिल्याच महिन्यात उंदरानं तो फोडला आणि सासू मला म्हणाली होती, माहेराहून उंदीर घेऊन आलीस काय.

म्हणजे माप बाहेरचीचं आणि भाकरी घरचीची. टेबलापाशी उभी राहून मी ते ठिगळ किती वेळ चाचपत होते, ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी भावाला निरोप धाडला: पांढरी फळी पाठवून दे. त्याचा उलटा निरोप आला: आधी मला पाय झाकतील अशी एक वाकळ दे. मी कळवलं: फळी येईल तेव्हा वाकळ निघेल. त्यानं कळवलं: वाकळ येईल तेव्हा फळी निघेल, तोवर रताळी कुठं निवडू? तेव्हापासून मी टेबलावर खाचेच्या पुढं एक वीत खडूनं रेघ मारून कापते. रोज पुसते, रोज मारते. विळा घेऊन नवी खाच पाडायला मला कुणी अडवलेलं नाही. पण त्या लाकडावर आईशिवाय दुसऱ्या कुणाची खाच मी पडू देणार नाही, माझीसुद्धा.

आता तो म्हणतो, मी फसवलं नाही, मी गप्प बसलो. मी बाजारात जन्म घालवला आहे. गठ्ठ्यावर बसून गप्प राहणाऱ्या बोहारणी मी पुष्कळ बघितल्या, आणि त्या मला बहीण तरी म्हणत नव्हत्या. दोन दिवाळ्यांची माझी लुगडी त्यानं ठेवून घेतली, आईचं खरं माप रताळ्यांखाली दाबून ठेवलं आणि लग्नामुंजीत हसणंही त्याच्याच वाट्याला. त्यानं बेळगावात यावं. फळी घेऊन यावं. माझ्या टेबलापाशी, मी उभी राहते तिथं, उभं राहावं आणि माझ्या तोंडाकडं बघून सांगावं: आक्का चुकीची फळी उचलतेय हे दिसत असताना तुझी जीभ कुठं गेली होती रं? लांब वाकळ कापून तयार आहे. कोपराही शिवायचा ठेवलाय. उत्तर दिल्याशिवाय त्यात भाकरी पडणार नाही.