अप्पांच्या क्रिसवरचे सांडलेले तांदूळ

मी कारखान्याच्या टूलरूममधला माणूस. मायक्रोमीटरवर मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचो. तरी हे लिहितोय... वाचा आणि तुम्हीच ठरवा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. अप्पा, म्हणजे माझे वडील, मूळ मालवणकडचे. सगळी नोकरी बोटीच्या इंजिनरूममध्ये काढलेली. आमच्या शोकेसमध्ये जावा बेटावरचा एक क्रिस होता. क्रिस म्हणजे तिकडची आखूड, नागमोडी तलवार. अकरा वळणं, कोरीव लाकडी मूठ, म्यानाचं तोंड गलबतासारखं. पण खरी कलाकुसर पात्यावर – काळपट लोखंडात पांढुरके ठिपके, मूठभर तांदूळ सांडल्यासारखे. तिकडे या नक्षीचं नावच 'सांडलेले तांदूळ' आहे. लोहार दोन धातू एकत्र तापवून, घड्या घालून ठोकतो, तेव्हा ती उमटते.

"रंगवलेला नाय रे, आतसूनच इलेला आसा," अप्पा कौतुकाने सांगायचे.

क्रिस त्यांचा नव्हता. हार्जो नावाच्या त्यांच्या जावाच्या दोस्ताने, बोटीवर आजारी पडल्यावर, तो त्यांच्या हवाली केला होता. हार्जोच्या आजोबांनी घडवलेला. माझी मुलगी मोठी झाली की तिला दे, एवढंच सांगून हार्जो वारला. रोज सकाळी चहानंतर अप्पा क्रिस काढायचे, पात्यावर मुठीजवळ अंगठा टेकवून दोन मिनिटं बसायचे आणि ठेवून द्यायचे.

एका वर्षी हार्जोच्या मुलीचं पत्र आलं, दसऱ्यानंतर येतेय म्हणून. मी म्हटलं, पाहुणी येणार आणि पातं हे असं कळकट? खंडेनवमीसाठी कारखान्यात आम्ही सगळी हत्यारं चकचकीत करायचो. त्यांच्याबरोबर क्रिसही गुपचूप नेला आणि बफिंग मशीनवर धरला. आरसा झाला अगदी! मोठ्या ऐटीत अप्पांपुढे ठेवला.

त्यांना त्यात स्वतःचा चेहरा दिसला. तांदूळ गेले होते.

"मेल्या, ह्या काय केलंस? तेच्या पोरीक आता काय तोंड दाखवू?"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिंबू चोळलं की लोखंड काळं पडून नक्षी वर येईल, असं कारखान्यातला केमिस्ट म्हणाला. चार दिवस चोळलं. पातं नुसतं राखाडी. अप्पा मात्र रोज अंगठा टेकवत राहिले.

ती यायची त्याच सकाळी त्यांनी मला हाक मारली. तांदूळ परत आले होते! लिंबाने उशिरा काम केलं असेल, मी म्हटलं.

सुलास्त्री तिचं नाव. तिने पर्समधून पात्याचा जुना फोटो काढून शेजारी धरला. दाणा न् दाणा तोच. फक्त मुठीजवळ एक लंबगोल जागा कोरी – फोटोत तिथेही दाणे होते. अप्पांनी तिथे अंगठा टेकवला. नेमका बसला. बोटाच्या तेलामुळे तिथे लिंबू लागलं नसेल... मी मनातल्या मनात हिशेब जुळवला.

"अंकल, यू कीप इट," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"नो, नो. युवर फादर्स." मग माझ्याकडे वळून हळूच, "अमानत ती अमानत." अंगठा शेवटचा टेकवून त्यांनी क्रिस तिच्या हातात दिला.

दोन वर्षांनी अप्पा गेले. तिला कळवायला माझा धीरच झाला नाही. तेराव्यानंतर तिचं पत्र आलं. त्यावरचा शिक्का अप्पा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाचा. आत पात्याचा नवा फोटो. मुठीजवळची कोरी जागा दाण्यांनी भरली होती. मागे इंग्लिशमध्ये दोनच ओळी – याला कोणी हात लावलेला नाही. अंकल बरे आहेत ना?

केमिस्टला फोटो दाखवला. त्याने तो उजेडात धरून पाहिला आणि परत दिला. कारण मला अजून सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर हल्ली मी शोधतही नाही. फोटो शोकेसमध्ये, क्रिसच्याच जागी ठेवलाय. सकाळी चहा झाला की मीही त्यावर अंगठा टेकवतो.