करडईच्या तेलात निघालेलं बीएचटी

भातकुलीला आमचा नवरा-बायकोचा लाकडी घाणा आहे. करडईचं तेल काढतो आणि बाटलीवर ‘काहीही न मिसळता’ असं छापतो. अमरावतीत एका महिला मंडळाच्या दुकानात ते विकायला असतं. गिऱ्हाइकं तपासणीचा अहवाल मागू लागली, म्हणून दुकानाच्या बाईंनी अकोल्याच्या एका खाजगी प्रयोगशाळेत बाटली पाठवली.

अहवाल आला त्या दिवशी हे घाण्यावर अडकले होते, म्हणून माल घेऊन मी एकटीच गेले होते. दुकानात बायांची गर्दी होती. बाईंनी आवाज न चढवता सांगितलं, "तेलात बीएचटी निघालं. खवट होऊ नये म्हणून घालतात ते. घालायचं तर बाटलीवर लिहायचं ना, ताई." एका बाईनं पिशवीतली आमची बाटली काढून परत फळीवर ठेवली. मला कोणाकडे पाहवेना. तिथून निघताना चप्पलसुद्धा उलटी घातली.

वाटेत मनात आलं, यांनीच तर घातलं नसेल? मागच्या उन्हाळ्यात तेल खवट झालं, तेव्हा हे दोन-तीन दुकानदारांना उपाय विचारत होते. घरी आल्या आल्या विचारलंच. हे घाणा पुसत होते.

"मले विचारून रायली तू?" हे म्हणाले. "टाकलं असतं तं तुले सांगतलं नसतं का?"

मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं त्यांना कळलं. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतंच उरलं.

आठवड्यानं प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन आला. दुसऱ्या कोणाच्या तुपातही तेच रसायन निघालं होतं आणि त्यांना शंका आली होती. नवी बाटली घेऊन या, तुमच्यासमोर तपासते, म्हणाल्या. बडनेऱ्याहून गाडी पकडून गेले.

त्या तेल ईथर नावाच्या द्रवात विरघळवून यंत्रात सोडत. त्यात काय काय आहे ते वेगवेगळं होऊन पडद्यावरच्या रेषेत उंच टोकांसारखं उमटे. आधी त्यांनी तेल न घालता नुसतं ईथर सोडलं. आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. बीएचटीचं टोक जिथं यायचं, तिथंच आलं.

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी सांगितलं, ईथर साठवणीत बिघडून धोक्याचं होतं, म्हणून काही कंपन्या त्यातच थोडं बीएचटी घालतात. त्यांच्याकडे नेहमी बिनमिसळीचं ईथर यायचं, या वेळी दुसरं आलं, आणि नवी बाटली उघडल्यावर नुसतं ईथर तपासून बघायचं राहून गेलं. मग बिनमिसळीची बाटली आणून त्यांनी आधी ते ईथर, मग आमचं तेल सोडलं. ती जागा दोन्ही वेळा सपाट राहिली.

"चूक माझी आहे, ताई. दुकानात मी स्वतः फोन करते," त्या म्हणाल्या. त्यांच्यावर रागवावं असं मला वाटलंच नाही. माझ्या डोळ्यांसमोर हे होते.

घरी येऊन सगळं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं. "त्या बाईले मशीननं सांगतलं," हे म्हणाले. "तुले मी सांगतलं होतं."

दुकानानं माल पुन्हा मागवला. पूर्वी पेट्या घेऊन हे माझ्यासोबत यायचे. आता दारापर्यंत आणून ऑटोत ठेवून देतात. मी एकटीच जाते.