एकाच नावाचे दोन हात

ब्रह्मपुरीच्या ठाण्यात असतानाची एक केस निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडत नाही. नावं कुणाचीच देत नाही. गाव लहान आहे आणि ती माणसं अजून तिथंच राहतात.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं पाणी वळवण्यावरून भांडण झालं. शेजाऱ्याने एका बाईच्या उजव्या हातावर काठी मारली. घरच्यांनी तिला ब्रह्मपुरीतल्या एका खाजगी रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, हाड मोडलं म्हणून प्लास्टर घातलं. आम्ही गुन्हा नोंदवला.

काही दिवसांनी त्याच रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरांनी इजेचा दाखला लिहायला घेतला. त्यांनी कॉम्प्युटरवर एक्स-रे उघडला, तर हाड अखंड. त्यांनी 'साधी दुखापत' असं लिहून दिलं. आरोपीच्या बाजूचे लोक लगेच म्हणू लागले की बाईने प्लास्टरचं नाटक केलं. आम्ही दुसरीकडे नव्याने एक्स-रे काढला. त्यात हाड मोडलेलं दिसलं, तर उत्तर आलं, "ती नंतर पडली असेल."

त्याच आठवड्यात ठाण्यात निनावी फोन आला. "एक्स-रेवाल्यानं फोटो बदलला साहेब. आरोपीचा साळा आन् तो एकाच टपरीवर चा पितेत."

एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ चाळिशीचा, गावातल्या जुन्या मुसलमान कुटुंबातला. मी रुग्णालयाकडून ड्राइव्हची नोंद मागवली. सगळे एक्स-रे विंडोजच्या एका कॉम्प्युटरवरच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये राहत आणि डॉक्टर ते वेब-प्रोग्राममधून आपापल्या खोलीत बघत. नोंद स्पष्ट होती. बाईच्या फाईलवर त्या दिवशी दोनदा लिहिलं गेलं होतं, दोन्ही वेळा या तंत्रज्ञाच्या लॉगिनने. रुग्णालयाने त्याला घरी बसवलं.

मी त्याला चौकशीला बोलावलं. तो एकटाच आला. समोर तो अखंड हाडाचा एक्स-रे छापून ठेवला.

"हा तुम्ही काढला?"

त्याने उजेडाकडे धरून पाहिला. "मीच काढला. पण हा त्या बाईचा नाई साहेब. हे पाहा, कडं. त्या बाईच्या हातात काईच नव्हतं, हात एवढा सुजला होता. हे कडं एका म्हातारीचं हाय. निंघेच ना, मंग तसाच काढला."

"मग तो हिच्या नावावर कसा?"

"मले काय मालूम? मी फक्त बटन दाबतो."

"आरोपीच्या मेहुण्याबरोबर चहा पिता?"

"दवाखान्यासमोर एकच टपरी हाय साहेब. तुमचे शिपाईबी तिथीच पितेत." एक्स-रे परत टेबलावर ठेवून तो म्हणाला, "मशीनमधी मूळ फोटो रायते. जागा भरली का जुने पुसल्या जाते. पाहाचं असन तं लवकर पाहा."

इतक्या वर्षांत मी एक पाहिलं आहे. ज्याला लपवायचं असतं, तो पोलिसांना घाई करायला सांगत नाही. मी तासाभरात माणूस पाठवून मशीनचं काम थांबवलं आणि खोलीला सील लावलं.

मग त्या बाईच्या गावी गेलो. गळ्यात हात बांधून ती ओट्यावर बसली होती. घरची माणसं रोवणीला गेली होती. मी विचारलं, "त्या दिवशी दवाखान्यात तुमच्या गावचं आणखी कुणी होतं?"

"होती ना जी. आमच्या गावात माह्याच नावाची म्हातारी हाय. आडनावबी तेच. बांधावरून घसरली होती."

म्हातारी दोन घरं सोडून राहायची. तिने हात पुढे केला. हात बरा होता आणि कडं मनगटावर घट्ट बसलेलं होतं. "मोडला नाई म्हणून सांगतलं डाक्टरनं," ती म्हणाली.

एकच नाव, एकच गाव, उजवा हात, एकच दिवस. पण एकीचा फोटो दुसरीच्या जागी गेला कसा? प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर नागपूरहून आली. तिला मी पंचांसमोरच बसवलं. तिने नोंदणी तपासली. खिडकीवरच्या कारकुनाने एकीचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत टाकलं होतं, दुसरीचं लहान अक्षरांत. फाईलला नाव, गाव आणि अवयव एवढ्यावरूनच नाव मिळायचं.

ती म्हणाली, "सर, आमचा प्रोग्राम लिनक्सवर चालतो. त्याला मोठं अक्षर वेगळं, लहान वेगळं. त्याच्या हिशेबी या दोन फाईली. पण ड्राइव्ह विंडोजवर आहे, त्याला दोन्ही सारखीच. दुसरी फाईल आली आणि पहिलीवर बसली."

"आणि लॉगिन?"

ती ओशाळली. "ड्राइव्ह उघडायला प्रोग्रामला एक लॉगिन लागतं. प्रोग्राम बसवताना ह्या तंत्रज्ञांचंच टाकलं. कुणीही काही जतन केलं तरी नोंद ह्यांच्या नावावर होते."

तिने दोन कोऱ्या फाईली तशाच नावांनी जतन करून दाखवल्या. ड्राइव्हवर एकच उरली. पंचनामा झाला. मग सील काढून मशीन उघडलं. पहिला एक्स-रे शाबूत होता आणि त्यात हाड दोन ठिकाणी मोडलेलं दिसत होतं. मशीन जप्त केलं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र घेतलं, दाखला दुरुस्त झाला आणि गंभीर दुखापतीचं कलम लावून दोषारोपपत्र दाखल केलं. पुढे आरोपीला शिक्षा झाली.

माझं काम तिथं संपलं असं मला वाटलं होतं. दोषारोपपत्रानंतर काही दिवसांनी टपरीवर तो तंत्रज्ञ भेटला.

"कामावर घेतलं ना?"

"घेतलं साहेब. पण पेशंट नर्सला विचारते, दुसरा कोणी नाई का फोटो काढाले?"

दुसऱ्या दिवशी मी गणवेशात रुग्णालयात गेलो. सकाळची वेळ होती, नोंदणीच्या खिडकीसमोर बाकं भरलेली. संचालकांना बाहेर बोलावलं आणि त्यांनाच बोलायला लावलं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "फोटो कुणीही बदलला नव्हता. चूक आमच्या प्रोग्रामची होती. आमच्या माणसाची नाही." तंत्रज्ञ एक्स-रेच्या दारात उभा होता. बाकावरचा एक म्हातारा उठला, कंबर धरत त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "चल गा भाऊ, माहा नंबर हाय."

यंत्राची नोंद कोणतं नाव वापरलं ते सांगते. ते काम कुणी केलं, हे माणसांना विचारूनच कळतं. हे मी त्या केसमध्ये शिकलोच. पण त्याहून मोठी गोष्ट पुढच्या नोकरीत कधी चुकवली नाही. एखादा निर्दोष निघाला की मी ते फक्त कागदावर लिहून थांबलो नाही. जिथं लोक त्याच्याबद्दल कुजबुजत होते, तिथं जाऊन मोठ्याने सांगितलं.