झोपवलेल्या कॉम्प्युटरमधला पदर

स्क्रीनवर 'इन्स्टॉल नाऊ' हे बटण होतं आणि माझं बोट माउसवर होतं. तेवढ्यात मागून आप्पा म्हणाले, "थांब गं जरा. माझा पदर अर्धा हाय त्यात. तेवढा एकदा बघून घेतो."

मी वळून पाहिलं. "कशात, आप्पा?"

"ह्याच्यातच की. काल जितं थांबलोय तितंच असंल."

मी माउसवरचं बोट उचललं.

आप्पा म्हणजे विणकरांच्या वडगावातले जुने डिझायनर. साड्यांचे काठ आणि पदर काढण्यात त्यांची हयात गेली. मागावर जकार्ड नावाचं यंत्र बसवलेलं असतं. त्याला पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं लागतात. जिथं भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. त्यातून नक्षी उमटते. पूर्वी आप्पा ग्राफपेपरवर एकेक चौकोन रंगवायचे आणि कार्डं हातानं पंच करायचे. आता चौकोन कॉम्प्युटरवर भरतात आणि कार्डं मशीन पाडतं.

मी टिळकवाडीतल्या एका छोट्या फर्ममध्ये सिस्टीम इंजिनिअर आहे. त्या शनिवारचं काम साधं होतं. आप्पांच्या कॉम्प्युटरवर डेबियन नावाची जुनी लिनक्स सिस्टीम होती. पंचिंग मशीनचा प्रोग्राम फक्त तिच्यावरच चालायचा. डिझाइनचं नवं सॉफ्टवेअर मात्र उबुंटू या दुसऱ्या, नव्या लिनक्सवरच चालणार होतं. दोन्ही सिस्टीम मोफत, दोन्हींचा कोड सगळ्यांना खुला. आप्पांची सून शोभाक्का आता धंदा बघते. तिनं विचारलं होतं, "दोन्ही एकाच डब्यात बसत्यात काय गं?"

बसतात. त्याला ड्युअल बूट म्हणतात. डिस्कचे भाग पाडायचे, एका भागात जुनी सिस्टीम, दुसऱ्यात नवी. कॉम्प्युटर सुरू केला की मेनू येतो, हवी ती निवडायची. एका घरात दोन बिऱ्हाडं, दार एक. असं मी शोभाक्काला ऐटीत समजावून सांगितलं होतं.

त्या कॉम्प्युटरशी माझं आणखी एक नातं होतं. मी मराठी शाळेत शिकले. वडील पॉवरलूमवर कामाला. बीसीएला आले तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता. आप्पांनी वडिलांना निरोप धाडला, "पोरीला दुपारी चारनंतर लावून द्या. तवा मी चहाला जातोय." दोन वर्षं मी त्याच खुर्चीवर बसून शिकले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्या पदवीतला निम्मा वाटा त्या खुर्चीचा आहे.

आणि त्याच खुर्चीवर बसून मी त्या सकाळी चूक केली होती.

दहाला आले तेव्हा कॉम्प्युटरचा प्लग सॉकेटमधून काढलेला होता. एकही दिवा लागलेला नव्हता. मी पेनड्राइव्हवरून माझी सिस्टीम सुरू केली. आप्पांची डिस्क उघडली आणि डिझाइनचं सगळं फोल्डर बॅकअप म्हणून कॉपी केलं. फाइली मोजल्या, जुळल्या. मग इन्स्टॉलर चालू केला. कॉलेजात शिकवलेल्या सगळ्या पायऱ्या मी नीट पाळल्या. फक्त एक प्रश्न कुणाला विचारला नाही.

"आप्पा, काल कॉम्प्युटर कसा बंद केला?" आता मी विचारलं.

"रोज करतोय तसाच. तो चंद्राचा बटण हाय न्हवं, तो दाबायचा आन मग प्लग काढायचा."

चंद्राचं बटण म्हणजे हायबरनेट. कॉम्प्युटर बंद होत नाही, झोपतो. मेमरीत जे काही उघडं असेल ते सगळं डिस्कच्या एका राखीव भागात उतरवून ठेवतो. त्या भागाला स्वॅप म्हणतात. मग वीज काढून घेतली तरी चालतं. पुन्हा सुरू केलं की सगळं होतं तसं समोर येतं.

"पण पदर सेव्ह केलाय ना?" मी विचारलं.

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी परक्या गावची होते. "अर्ध्याला कुटं घडी घालत्यात व्हय गं? इणकऱ्याची पोर तू!"

खरंच होतं. संध्याकाळी माग थांबला की साडी मागावरच राहते. आडवा धागा नेणारा धोटा कापडावर ठेवायचा आणि उठायचं. सकाळी पुढच्या धाग्यापासून सुरू. अर्धी साडी कुणी मागावरून उतरवत नाही, तिला घडी घालत नाही. माझे वडीलही तसाच माग सोडून घरी येतात. आप्पांच्या लेखी फाइल सेव्ह करून बंद करणं म्हणजे घडी घालणं. पदर पुरा झाल्याशिवाय ते सेव्ह करतच नव्हते. बारा-पंधरा दिवसांचं काम फक्त त्या झोपलेल्या मेमरीत होतं. माझ्या बॅकअपमध्ये त्यातला एक चौकोनही नव्हता.

आणि इन्स्टॉलर स्वॅपची जागा मोकळी समजून पुसणार होता. एका क्लिकचं अंतर होतं.

क्लिक केलं नव्हतं, म्हणून सुटले असं नाही. झोपलेल्या सिस्टीमला डिस्क जशी होती तशी पाठ असते. मी सकाळी डिस्क उघडली तेव्हा तिच्यावर थोडं लिहिलं गेलं होतं. नुसती उघडली तरी लिहिलं जातं. आता ती जागी झाली, तर अंधारात घरातून चालणाऱ्या माणसासारखं होणार. त्याला वाटतं खुर्ची कालच्याच जागी आहे. तो आपटतो. सिस्टीम आपटली तर सगळी डिस्क खराब होऊ शकते. चाळीस वर्षांची डिझाइनं. त्यांचा बॅकअप माझ्याकडं होता, पण पदराचं काय?

मी बाहेर पायरीवर जाऊन फर्मच्या सरांना फोन लावला.

"सर, मशीन हायबरनेट केलेलं होतं, आत फाइल सेव्ह न करता. मी डिस्क तशीच माउंट केली, उघडली."

"रीड-ओन्ली? तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही अशी?"

"नाही सर."

पलीकडून लगेच पुढचा प्रश्न आला. "स्वॅप फॉरमॅट झाला?"

"अजून नाही."

"मग काहीही दाबू नकोस. आधी अख्ख्या डिस्कची कॉपी काढ. आणि ऐक, कस्टमरनं फाइल सेव्ह केली नव्हती. जॉब शीटवर तसं लिही आणि सही घेऊन ठेव. उद्या आपल्यावर यायला नको."

कागदावर बघितलं तर ते बरोबर होतं. मी कामाच्या नोंदीची ती शीट काढली, पेन काढलं. आत आप्पा चष्मा पुसत बसले होते. एका डोळ्यानं त्यांना आधीच दिसत नव्हतं. दुसऱ्याचं ऑपरेशन सोमवारी होतं. मी शीट पर्समध्ये परत ठेवली आणि आत गेले.

"आप्पा, तुमचा पदर कदाचित गेलाय."

"गेलाय म्हंजे? कुटं?"

मी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. शोभाक्का दारात येऊन उभी राहिली.

"तुज्याकडनं झालं?" आप्पांनी विचारलं.

"होय. मी विचारायला पाहिजे होतं."

"कालेजात ह्ये शिकवलं न्हाय?"

"शिकवलं होतं, आप्पा."

ते परत चष्मा पुसायला लागले. शोभाक्का हळू आवाजात म्हणाली, "आत्तींच्या, माज्या सासूच्या, लग्नातल्या साडीचा पदर हाय त्यो. साडी इरली, कार्डं वाळवीनं खाल्ली. मामांजी आठवून आठवून काडत हुते. डोळा हाय तवर हुंदे म्हणून." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता काय ते कर."

मी डिस्कची कॉपी लावली. ही फाइलींची कॉपी नव्हे. डिस्कवरचा प्रत्येक कण जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर उतरवायचा, झोपलेल्या मेमरीसकट. म्हणजे जागं करण्याचा पहिला प्रयत्न फसला तर पुन्हा करता येईल. तीन तास लागणार होते.

वडगावात लाइट गेलेली दिसत नाही, ऐकू येते. दोन तास झाले असतील. गल्लीतल्या सगळ्या लूमचा खडखडाट एकदम थांबला. इन्व्हर्टर चालू झाला आणि पी-पी करायला लागला.

"किती वेळ चालतो हा?" मी विचारलं.

"धा मिन्टं चालंल, न्हायतर तासभर बी चालंल. जुना हाय," शोभाक्का म्हणाली. तिनं घरातले पंखे, दिवे, सगळं बंद केलं. आम्ही तिघं घामात निथळत स्क्रीनवरच्या कॉपीच्या टक्क्यांकडं बघत बसलो. मला भीती कॉपीची नव्हती, ती पुन्हा लावता आली असती. मला भीती होती की पुन्हा लावायचं धाडस माझ्यात उरणार नाही. अर्ध्या तासानं लूम खडखडायला लागले. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

कॉपी पूर्ण झाली. मग मी आप्पांना नीट सांगितलं. "आप्पा, आता जागं करते. पदर दिसला तर लगेच सेव्ह करायचा. ह्या डिस्कवर नाही, पेनड्राइव्हवर. घडी घालावीच लागेल."

आप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "घाल."

मी बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी आल्या आणि थांबल्या. मी मनात आकडे मोजत होते. एकवीसला पडदा उजळला.

पदर होता. आठवून काढलेल्या कुयऱ्या, मधे मोर. शेवटचे चौकोन रिकामे, आणि आदल्या संध्याकाळी जिथं थांबला होता तिथंच कर्सर. आप्पा पडद्याच्या इतके जवळ आले की त्यांचा श्वास काचेवर दिसत होता.

मी पेनड्राइव्ह लावला, सेव्ह केलं. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकून थांबला. तो काढते न काढते तोच पडद्यावर एररच्या ओळी धावायला लागल्या. जुनी सिस्टीम आपटली होती. मी सरळ प्लग काढला.

शोभाक्काच्या लॅपटॉपवर फाइल उघडली. आम्ही वरपासून खालपर्यंत सगळा पदर बघितला. आप्पा बोटानं मोजत होते. शेवटी म्हणाले, "मोराच्या मानंत एक चौकोन चुकलाय."

मी पडद्याकडं वाकले. "फाइल करप्ट झाली?"

"न्हाय गं. ती माजी चूक हाय. परवाची."

मी तिथंच स्टुलावर बसून रडले. शोभाक्कानं चहा आणला. साखर जास्त घातली होती.

पुढच्या आठवड्यात मी डिस्क दुरुस्त केली, दोन्ही सिस्टीम बसवल्या. दोन्हींचा स्वॅप वेगळा ठेवला, आणि नवी सिस्टीम जुनीच्या भागाला हात लावणार नाही अशी व्यवस्था केली. त्याचे पैसे सरांनी लावले नाहीत, मीही मागितले नाहीत.

आप्पांचं ऑपरेशन झालं, पण नजर पहिल्यासारखी आली नाही. उरलेले चौकोन त्यांनी तोंडानं सांगितले आणि शोभाक्कानं भरले. कार्डं पंच होऊन आली तेव्हा त्यांनी एकेका कार्डावरून बोट फिरवलं. भोकं त्यांना डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त कळतात. मोराची मान बरोबर होती. ते अजून संध्याकाळी चंद्राचंच बटण दाबायला सांगतात. त्याआधी शोभाक्का गुपचूप सेव्ह करते. हे त्यांना आम्ही सांगितलेलं नाही.

जॉब शीटवर मी लिहिलं: 'मशीन कसं बंद केलं होतं, हे काम सुरू करण्याआधी विचारलं नाही. चूक टेक्निशियनची.' खाली आप्पांची सही घेतली. सरांनी ती वाचली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. मला वाटलं नोकरी गेली.

पुढच्या महिन्यात नव्या जॉब शीट छापून आल्या. कस्टमरचं नाव आणि पत्ता यांच्याही वर एक रकाना वाढला होता: 'मशीन शेवटी कुणी बंद केलं? कसं केलं? त्याच माणसाला विचारा.'