उथळ उखळ आणि गुळगुळीत फरशी

कुत्र्याचा मागचा गुडघा उलटा वाकतो, असं मी चाळिशी ओलांडेपर्यंत समजत होते. बकरीचा, बैलाचा, मांजराचाही तसाच. देवाने पुढचे पाय नीट बसवले आणि मागचे लावताना जरा घाई केली, असा माझा एकंदर अंदाज होता. मग आमच्या कुत्र्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्या उलट्या गुडघ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, हा गुडघा नाहीच. ही टाच आहे." खरा गुडघा वर, पोटाला चिकटून, केसांत लपलेला असतो. म्हणजे हा प्राणी जन्मभर चवड्यांवर उभा. नणंदेच्या लग्नात मी दिवसभर उंच टाचांच्या सँडल घालून मिरवले होते, ते आठवलं आणि मला त्याच्याविषयी एकदम आदर वाटला.

आदर वाटावा असं त्याचं वागणं मात्र नव्हतं. माझ्या रबाळ्याच्या ऑफिसातली एक बाई दुबईला गेली आणि जाताना आपलं लॅब्राडोरचं पिल्लू आमच्या गळ्यात मारून गेली. नवऱ्याला हौस, मला नाही म्हणता येत नाही. सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी हद्द आखून दिली. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई साताऱ्याकडच्या. मामंजी मार्केटात माथाडी होते. कोपरखैरण्याच्या एका खोलीत सिमेंटच्या कोब्यावर आत्याबाईंनी सगळा संसार केला, मुलं मोठी केली, आणि उलव्याला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा एकच मागणं मागितलं. फरशी अशी पाहिजे की वाकलं तर तोंड दिसलं पाहिजे. बिल्डरने दिली होती ती बरी होती, पण त्यांना पटली नाही. ती उखडून हट्टाने दुसरी घातली, दुधाच्या सायीच्या रंगाची. ती त्या रोज स्वतः पुसत. कामवाल्या बाईला हात लावू देत नसत. पाहुणे आले की चहाच्या आधी फरशी दाखवत.

कुत्र्याला आत्याबाई कधी नावाने हाक मारत नसत. "तुमचं पाव्हणं" म्हणत. "तुमच्या पाव्हण्याची नखं वाजत्यात बग."

हे पाव्हणं वर्षाचं व्हायच्या आत विचित्र चालायला लागलं. पळताना दोन्ही मागचे पाय ससा टाकतो तसे एकदम टाकायचं. बसताना एक पाय बाजूला काढून, चावडीवरच्या म्हाताऱ्यासारखं बसायचं. हॉलमधून दाराकडे धावलं की पुढचं अंग दाराशी पोचायचं आणि मागचं सोफ्याच्या दिशेने जायचं. आम्ही हसायचो. व्हिडिओसुद्धा काढला. मग एका सकाळी ते उठायला लागलं, मागचे पाय दोन बाजूंना फाकले आणि ते पोटावर तसंच पडून आमच्याकडे बघत राहिलं. तेव्हा आम्ही हसायचं थांबलो.

डॉक्टरीणबाई माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी त्याला गुंगीचं इंजेक्शन दिलं, उताणं झोपवून मागचे पाय सरळ ताणून धरले आणि एक्स-रे काढला. मग पडद्यावर दाखवलं. "हा मांडीच्या हाडाचा वरचा गोळा. ही कमरेच्या हाडातली खोबण. उखळीचा सांधा म्हणतात ना, तो. गोळा आत पूर्ण बसायला हवा. ह्याचं उखळ उथळ आहे, म्हणून तो काठावर बसलाय." काठावर बसलेला गोळा मलाही दिसला. दिसल्यावर दुसरं काही दिसेना.

"टेन्शन नका घेऊ," त्या म्हणाल्या, म्हणजे टेन्शन घ्यायची वेळ आली होती. "वय लहान आहे. मांडीत ताकद आली तर स्नायूच सांधा धरून ठेवतील. नाही आली, तर पुढे तो गोळा कापून काढावा लागेल." वजन वाढू द्यायचं नाही, रोज बेताने चालवायचं, उड्या बंद. "आणि सगळ्यात आधी घरातली फरशी झाका. प्रत्येक वेळी पाय घसरला की गोळा काठावरून सरकतो."

मी परतताना रिक्षात कुत्र्यापेक्षा आत्याबाईंचाच जास्त विचार करत होते.

उखळीचं त्यांना सांगावं लागलं नाही फार. "उथळ उखळात कांडलं की दानं भाईर उडत्यात," त्या लगेच म्हणाल्या. "कळलं मला." पण फरशी झाकायचं म्हणताच त्यांनी पदर खोचला. "मानसांच्या घरात कुत्र्यानं रहायचं का कुत्र्याच्या घरात मानसानं?"

मी आधी मोजे आणले. चार छोटे लोकरी मोजे. ते घालून पाव्हणं असं घसरलं की फ्रिजला जाऊन धडकलं. मग आत्याबाईंनीच, नाइलाजाने का होईना, जुन्या लुगड्यांची एक वाकळ काढून दिली. त्यांच्या हातची, जाड टाक्यांची, उबदार. कुत्रा धावत आला, वाकळीवर चढला आणि वाकळीसकट बाल्कनीच्या दारापर्यंत गेला. त्याला ते इतकं आवडलं की तो परत जाऊन पुन्हा धावत आला. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या, पण कबूल करतील तर शपथ.

तोड नवऱ्याने काढली. तो इथे जवळच द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर आहे. कंटेनरमध्ये माल सरकू नये म्हणून खोक्यांखाली काळ्या रबराच्या पट्ट्या घालतात. त्यातले उरलेले, फेकायला काढलेले तुकडे त्याने साहेबांना विचारून घरी आणले. खरखरीत, काळे, ठिपक्यांचे. सायीच्या फरशीवर ते इतके वाईट दिसत होते की माझीही हिंमत होईना.

"घर हाय का गोडाऊन?" आत्याबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तह झाला. पट्टी फक्त कुत्र्याच्या बिछान्यापासून बाल्कनीपर्यंत आणि तिथून दारापर्यंत. हॉलच्या मध्ये नाही, भिंतीकडेने. स्वयंपाकघरात अजिबात नाही. आणि त्याच्या मांड्या भरल्या की सगळं उचलायचं. "शबूद दे," त्या म्हणाल्या. मी दिला.

मग रोज सकाळ-संध्याकाळ मी त्याला घेऊन खाडीकडच्या रस्त्याने चालायचे. आधी थोडं, मग जरा जास्त. चढ दिसला की चढवायचा, कारण डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, पुढचे पाय भार उचलतात पण ढकलण्याचं काम मागच्यांचं. मी त्याच्यामागून चालायचे आणि सगळं लक्ष त्याच्या कमरेवर. लोक मंदिराच्या कळसाकडे बघत चालतात, मी कुत्र्याच्या ढुंगणाकडे. सोसायटीतल्या बायका काय म्हणत असतील ते म्हणोत. एक दिवस मला दिसलं की पाय एकदम पडत नाहीत, एकामागून एक पडताहेत. मी तिथल्या तिथे त्याचा मुका घेतला. एका टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

पावसाळा सरता सरता डॉक्टरीणबाईंनी त्याच्या दोन्ही मांड्या हातात धरून दाबून पाहिल्या आणि म्हणाल्या, "छान भरल्यात. ऑपरेशनचं नाव आता नको." वजन मात्र सांभाळा म्हणाल्या. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्याबाईंनी त्याच्यापुढे चक्क अर्धी भाकरी टाकली. वजनाचं मी काही बोलले नाही.

रविवारी मी शब्द पाळायला बसले. नवरा कामावर गेला होता. मी बाल्कनीपाशी गुडघे टेकले आणि पट्टी गुंडाळायला लागले. डॉक्टर फरशी झाकूनच ठेवा म्हणाल्या होत्या, पण शब्द तो शब्द, बाकीचं सतरंजीने भागवू असा माझा बेत.

"ऱ्हाऊ दे की," आत्याबाई मागून म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभ्या होत्या.

"तुम्हीच म्हणाला होतात उचलायची."

"त्येची सवय मोडंल. ऱ्हाऊ दे." मग दुसरीकडे बघत म्हणाल्या, "आन् एक पट्टी हितनं संडासापातुर टाक."

मला हसू आलं. "आत्याबाई, कुत्रं कधी संडासात जातं का?"

"मी जाती न्हवं."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांचा हात दिसला. चौकटीवर टेकलेला नव्हता, चौकट घट्ट पकडलेली होती. मग एकेक आठवायला लागलं. भिंतीच्या कडेने चालणं. पाय न उचलता सरकवणं. आम्ही घरात असलो की फारसं उठणंच नाही. आणि गेले काही महिने बाल्कनीत जाताना सरळ न जाता कुत्र्याच्या रस्त्याने वळसा घेऊन जाणं. मी रोज एका कमरेकडे टक लावून बघत होते आणि दुसरी माझ्या डोळ्यांसमोरून भिंत धरून जात होती.

"तुम्ही पडला होतात का?"

"ऱ्हायला आलो तवाच. मोरीपाशी. खुब्यावर." त्या फरशीकडे बघत होत्या. "उठली, पुसून घेतलं. कुनाला काय सांगायचं? मीच तर घालून घेतली."

इतके दिवस ह्या बाई ह्या फरशीला भीत भीत ती रोज पुसत होत्या. मी उठून त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो काढून घेतला. "पोराला सांगू नगंस," एवढंच म्हणाल्या.

मी पट्टी पुन्हा पसरली. उरलेल्या तुकड्यांतून स्वयंपाकघरापासून पॅसेजपर्यंत जोडत गेले. त्या माझ्यामागून येत होत्या, एकेक तुकड्यावर पाऊल दाबून बघत. मोरीच्या अलीकडे रबर संपलं. मी नवऱ्याला फोन लावला आणि येताना आणखी पट्ट्या आण म्हणून सांगितलं.

"आता कशाला?" तो म्हणाला. "कुत्रं बरं झालं ना?"

आत्याबाई शेवटच्या तुकड्यावर उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत.

"झालंय," मी म्हटलं. "तरी आण. त्याच्यासाठीच पाहिजेत."