काचेवरचं कुंकू

बारामतीत माझा फोटो स्टुडिओ आहे आणि हातानं फोकस करायच्या दोन जुन्या लेन्स आहेत. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. फरक फक्त काचेवरच्या कोटिंगचा. थोरलीवर एकच नाजूक थर, तिरकी धरली की काच निळसर दिसते. नंतरच्या काळातल्या धाकटीवर थरावर थर, हिरवी-जांभळी झाक. धाकटी उन्हाकडं तोंड करूनही खणखणीत फोटो देते. थोरलीत ऊन जरा सांडतं, माणसाच्या कडेनं पसरतं. आमच्या गावी, वरकुट्याच्या घरी, दारात पाठीवर ऊन घेऊन बसलेल्या आईचा फोटो मी थोरलीनंच काढला होता. आई गेल्यावर तोच भिंतीवर लागला.

यंदा आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "माझाबी तसाच काढ, त्याच दारात. तिच्या शेजारी लाव. मला जित्तेपणी बघायचाय."

माझा भाऊ, दादा, लगेच करवादला, "जित्या माणसाचा फोटो असा लावत्यात व्हय? अभद्र!" आबांनी त्याला उडवून लावलं.

म्हणून मी खंडेनवमीलाच गावी गेले. आंघोळ करून बाहेर येते तर काय, दादानं पाटावर कोयता, विळा, ट्रॅक्टरचे पाने मांडलेले, आणि त्यांच्या रांगेत माझ्या दोन्ही लेन्स! झाकणं काढून, थेट काचेवर हळदी-कुंकवाची बोटं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, काचेवर?" मी किंचाळले. तर या शहाण्यानं मी पोचायच्या आत उपरण्यानं दोन्ही काचा खसाखसा पुसल्या.

"पुसलं की! हत्यार हाय तुझं, पुजायला नको?"

कुंकवात कचकच असते. धाकटीचं कोटिंग कडक, तिला काही झालं नाही. थोरलीची काच मात्र घासणी मारलेल्या ताटासारखी चरचरीत ओरखडून गेली. गेली चुलीत असली पूजा! मला एक शब्द विचारायला याची जीभ झडली होती का?

दुसऱ्या दिवशी आबा धुतलेला फेटा बांधून दारात बसले. मी दोन्हींनी फोटो काढले. थोरलीत नुसतं पांढरं धुकं, त्यात आबांचा चेहराच नाही. धाकटीत सुरकुती न् सुरकुती.

"ह्यो लाव की, झकास हाय," दादा म्हणाला.

आबांनी कॅमेरा हातात घेतला. एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा भिंतीकडं. "झकास हाय. पर ती आपल्या उन्हात बसलीया, आन् मी आधार कार्डावर."

"आबा, ते कोटिंग परत चढवता येत नाही हो," मी म्हणाले. मला रडू फुटलं, रागानंच.

"ऱ्हाऊ दे. मी मेल्यावर लावा कुठलाबी. तवा काय मी बघाय येतोय?"

"मी आधीपासनं तेच म्हणत हुतो," दादा म्हणाला.

आबा समोर होते म्हणून तो वाचला.