पालकसभेतले खडू

तुळिंजच्या शाळेतल्या त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. नातवाच्या पालकसभेला एकदाच गेले होते. विचार करताना खडू ओठांवर टेकवायची सवय त्यांना, त्यामुळे ओठ पांढरे. त्यांनी सगळ्यांना फरशीवर बसवून हातात खडू दिले. म्हणाल्या, "तुमच्या मुलाची सकाळ कशी जाते, ते काढून दाखवा."

"बाई, पालकसभा आहे की बालवाडी?" मी मोठ्याने विचारलं. दोघी-तिघी हसल्या. मीही जुनी मास्तरीण. माझ्या सभांना फळ्यावर सुरेख अक्षरात सूचना लिहायची आणि कोणी काही विचारलं नाही, की सगळ्यांना समजलं म्हणून खूश व्हायची. काय ते ध्यान!

बाई एवढंच म्हणाल्या, "आजी, बोलणाऱ्यांचं तर आपण नेहमीच ऐकतो."

माझ्या शेजारी एक हिंदी बोलणारी आई होती. तिची मुलगी सारखी गैरहजर. तिने टँकर काढला, हंड्यांची रांग काढली आणि रांगेपाशी एक चिमुकली मुलगी. बाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. "अच्छा, हंडे संभालती है? तो कल से दोपहर की क्लास में भेजो."

मी मात्र चित्र काढलंच नव्हतं. ठसठशीत लिहिलं होतं, 'नातू रिक्षाने येतो.'

"दादी, क्या लिखा है?" त्या आईने विचारलं.

मला मान वर करवेना. लिहिलेलं पदराने पुसलं आणि रिक्षा काढायला घेतली.

"तीन पहिये, दादी," ती हळूच म्हणाली. मी चार काढली होती.